बोटीवरच्या नोकरीचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘बोटीवर असतो’ एवढे उत्तर आजही पुरते. ऐकणाऱ्याला त्यातून कमाईचा अंदाज येतो, वर्षातले निम्म्याहून अधिक महिने मुलगा घरी नसणार हेही समजते आणि पुढची चौकशी मग पगारापेक्षा सुट्टी कधी आहे यावर जाते. घाटावरच्या किंवा शहरातल्या घरांत मात्र याच उत्तराने गोंधळ उडतो. काहींना ते भारतीय नौदल वाटते, काहींना मासेमारी वाटते आणि ज्यांना मर्चंट नेव्ही हा शब्द ठाऊक असतो त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश आणि जगभरची शहरे येतात. नौदल हे सशस्त्र दल आहे, तर मर्चंट नेव्ही म्हणजे माल आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या व्यापारी जहाजांचा व्यवसाय. त्यात कोणी देशसेवेची शपथ घेत नाही, ठरावीक महिन्यांचा करार करतो. फिरता फिरता पोट भरण्याच्या ज्या वाटा आज तरुणांना खुणावतात, त्यांत ही सर्वांत जुनी आहे आणि कायद्याने सर्वांत बारकाईने बांधलेलीही. ती समजून घ्यायची तर जगाचा नकाशा बाजूला ठेवून आधी कॅलेंडर हाती घ्यावे लागते, कारण या नोकरीत पगार मिळतो तो घरापासून दूर काढलेल्या दिवसांचा.

आपल्याकडे हा व्यवसाय नवा नाही. इंग्रजांच्या आगबोटींवर कोकण किनाऱ्यावरचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होते आणि त्यांच्या हुद्द्यांची नावे, म्हणजे सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, आगवाला, इंग्रज अधिकाऱ्यांनाही शिकावी लागली. गोव्यातले लोक प्रामुख्याने स्वयंपाकघर आणि भोजनगृह सांभाळत. त्यांना तिकडे तारवटी म्हणतात, आणि मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावागावांच्या नावाने चाललेल्या ‘कुड’ म्हणजे याच तारवट्यांनी पुढची बोट मिळेपर्यंत पाठ टेकण्याच्या जागा होत. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते आणि ५ एप्रिल हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र आज बोटीवर जाणारा बहुतेक भारतीय खलाशी किंवा अधिकारी भारतीय मालकाच्या जहाजावर नसतो, आणि तिथूनच या विषयातली पहिली गुंतागुंत सुरू होते.

मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात आडवे अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज अनेकांना आठवत असेल. त्याचा मालक जपानी होता, ते चालवणारी कंपनी तैवानची होती, तांत्रिक व्यवस्थापन एका जर्मन कंपनीकडे होते, जहाजावर झेंडा पनामाचा होता आणि त्यावरचे पंचवीसही कर्मचारी भारतीय होते. जहाज सहा दिवसांत मोकळे झाले, पण भरपाईच्या वादामुळे इजिप्तने ते जुलैपर्यंत अडवून धरले. अशा जहाजावर काम करणाऱ्याचा मालक नेमका कोण, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका साधा नाही. जहाजावर कायदा चालतो तो मुख्यतः झेंड्याच्या देशाचा. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन देशांचे झेंडे जगातल्या व्यापारी जहाजांच्या फार मोठ्या हिश्श्यावर फडकतात, कारण तेथे नोंदणी सोपी आणि कर कमी असतो. कर्मचारी भरण्याचे काम व्यवस्थापन कंपनी करते आणि भारतात तिला केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना घ्यावा लागतो, ज्याला या क्षेत्रात सगळे आरपीएसएल म्हणतात. उद्या पगार थकला, तर रत्नागिरीच्या माणसाला लायबेरियाच्या राजधानीत, मोन्रोव्हियाला, जाऊन भांडता येणार नाही, पण मुंबईतल्या परवानाधारक कंपनीला जाब विचारता येतो. म्हणून करारावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे करारातल्या पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मोठ्या मालवाहू जहाजावरही माणसे वीस ते पंचवीसच असतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. डेक विभाग जहाज चालवतो आणि माल सांभाळतो, इंजिन विभाग यंत्रे चालती ठेवतो आणि गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, एक-दोघे सर्वांचे जेवण बनवतात. समुद्रावर असताना ब्रिजवरची, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातली, पाळी चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशी फिरते. रूढ पद्धतीनुसार थर्ड ऑफिसर आठ ते बारा, सेकंड ऑफिसर बारा ते चार आणि चीफ ऑफिसर चार ते आठ पाहतो, चोवीस तासांत दोनदा. त्यामुळे सेकंड ऑफिसर झालेला माणूस महिनोन्‌महिने मध्यरात्री उठतो. रविवार नावापुरता असतो. जहाज पूर्वेकडे जात असेल, तर दर काही दिवसांनी घड्याळ तासभर पुढे सरकवले जाते आणि कुणाच्या तरी झोपेतला तास कमी होतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते आणि तिची नोंदही ठेवावी लागते. बंदरातल्या धावपळीच्या दिवसांत ही नोंद आणि प्रत्यक्ष झोप यांत अंतर पडते, ही तक्रार या व्यवसायात जुनी आहे.

आता कॅलेंडरकडे येऊ. जहाजावर रुजू होण्याला साइन ऑन आणि उतरण्याला साइन ऑफ म्हणतात, आणि या दोन तारखा सीडीसी नावाच्या पुस्तिकेत नोंदल्या जातात. पासपोर्टसारखी दिसणारी ही पुस्तिका मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या शिपिंग मास्टरकडून मिळते, दहा वर्षे चालते आणि तीच खलाशाची खरी सेवापुस्तिका असते. कराराची मुदत हुद्द्यावर आणि जहाजाच्या प्रकारावर ठरते. साधारणपणे वरिष्ठ अधिकाऱ्यांचा करार चार ते सहा महिन्यांचा, तर खलाशांचा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ मध्ये जगभर लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याच्या तरतुदींचा अर्थ असा लावला जातो, की कोणालाही सलग अकरा महिन्यांहून अधिक काळ रजेविना जहाजावर ठेवता येत नाही. मुदत संपल्यावर घरी आणण्याचा खर्च जहाजमालकाचा, रुजू होण्यासाठीचे विमानाचे तिकीटही बहुतेक ठिकाणी कंपनीचेच. जहाजावर राहणे आणि जेवणे फुकट असते, त्यामुळे हातात येणारा पगार जवळजवळ सगळा शिल्लक पडतो. याच गोष्टीचा मोह सर्वांत मोठा असतो.

मोह रास्त आहे, पण हिशेब नीट मांडला पाहिजे. बहुसंख्य करारांत पगार मिळतो तो फक्त जहाजावर असलेल्या महिन्यांचा, आणि घरी काढलेल्या सुट्टीचे पैसे आधीच त्या आकड्यात मिसळलेले असतात. समजा, एका अधिकाऱ्याला महिना तीन लाख रुपये मिळतात आणि तो वर्षातले सहा महिने जहाजावर असतो, तर त्याची वर्षाची कमाई १८ लाख होते, म्हणजे सरासरीने महिना दीड लाख. दुसऱ्याचा पगार अडीच लाखच आहे, पण तो आठ महिने जातो, म्हणून त्याचे वर्षाला २० लाख होतात. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, पण लग्नाच्या बोलणीत आणि बँकेच्या कर्ज-अर्जात ‘महिना तीन लाख’ हाच आकडा सांगितला जातो आणि पुढे सहा महिने हप्ते कुठून भरायचे हा प्रश्न पडतो. त्यात वरच्या हुद्द्याच्या परीक्षांसाठी काही महिने किनाऱ्यावर थांबावे लागते आणि त्या काळात कंत्राटी माणसाला सहसा पगार नसतो. काही कंपन्या सुट्टीतही पगार देतात किंवा ‘इतके महिने जहाजावर, तितकेच घरी’ अशी पद्धत ठेवतात. तेथे मासिक आकडा लहान दिसला, तरी तो बारा महिन्यांचा असतो, हे लक्षात घ्यावे. खालच्या टोकाला आधार म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समितीत अनुभवी खलाशाचे, म्हणजे एबीचे, किमान मूळ वेतन ठरते. १ जानेवारी २०२६ पासून ते महिना ६९० अमेरिकी डॉलर आहे. ओव्हरटाइम आणि रजावेतन धरून प्रत्यक्ष रक्कम त्याहून बरीच वर जाते.

प्राप्तिकराची बाबही कॅलेंडरवरच अवलंबून असते, आणि ती सर्वाधिक चुकीची समजली जाते. ‘बोटीवाल्याला कर नाही’ असा कोणताही नियम नाही. नियम असा आहे, की एखाद्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, जहाजावर जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे देशातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरले, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. बोलीभाषेत हेच ‘१८४ दिवस बाहेर’ असे सांगितले जाते, आणि देशातले दिवस जास्तीत जास्त १८१ धरून ३६५ मधून वजाबाकी केली की ते जुळते. परदेशी जाणाऱ्या जहाजासाठी हे दिवस सीडीसीतल्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखांवरून मोजले जातात, केवळ भारताच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजावरचे दिवस मात्र बाहेरचे धरले जात नाहीत. अनिवासी खलाशाला परदेशी जहाजावरच्या सेवेबद्दल परदेशातून मिळालेला पगार त्याच्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, बँक खात्यात जमा झाला, एवढ्याच कारणाने तो भारतात करपात्र होत नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने केला. यातली गोम अशी, की माणूस ऑक्टोबरच्या मध्यावर जहाजावर चढला आणि मे महिन्यात उतरला, तर सात महिने समुद्रावर काढूनही त्याचे दिवस दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात आणि पहिल्या वर्षी १८४ चा आकडा हुकू शकतो. म्हणूनच बोटीवरच्या माणसाच्या घरी मार्चअखेरीस बोटांवर दिवस मोजले जातात.

प्रवासाचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईलच. माझे स्पष्ट मत आहे, की ‘जग पाहायला मिळते’ या एका कारणासाठी कोणी बोटीवर जाऊ नये. ब्राझीलच्या तुबाराव बंदरातून लोहखनिज भरून चीनला निघालेले बल्क, म्हणजे सुटा माल वाहणारे, जहाज सुमारे सव्वा महिना केवळ पाण्यावर असते. कंटेनर जहाज बंदरात अनेकदा एक दिवसही थांबत नाही, आणि तेवढ्या वेळात माल चढउतार, इंधन, तपासण्या आणि कागदपत्रे यांची कामे असल्यामुळे उतरून शहरात जाण्याची सवड दोघाचौघांनाच मिळते. तेलवाहू जहाजांचे धक्के वस्तीपासून लांब असतात, कधी तर समुद्रातच असतात. अमेरिकेत खलाशासाठीचा व्हिसा जवळ नसेल, तर बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. बल्क जहाजे मात्र बंदरात काही दिवस रेंगाळतात आणि जुने खलाशी आपापल्या आवडत्या बंदरांच्या आठवणी सांगतात, त्या बहुधा अशाच जहाजांवरच्या असतात. जे खरोखर मिळते ते वेगळेच असते. पनामा कालव्याच्या लॉकमध्ये जहाज पायरीपायरीने वर चढताना पाहणे, मलाक्काच्या सामुद्रधुनीतली रात्रीची दाटी, विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडताना नवख्यांची होणारी थट्टा आणि फिलिपिनो किंवा युक्रेनियन माणसांबरोबर एकाच टेबलावर सहा महिने जेवणे. ज्याला शहरे पाहायची आहेत, त्याने ती या नोकरीच्या पैशांतून सुट्टीत पाहावीत.

क्रूझ जहाजांवर चित्र थोडे वेगळे आहे. तीन-तीन हजार प्रवाशांच्या या जहाजांवर बहुतेक नोकऱ्या हॉटेलसारख्या असतात: स्वयंपाकी, वाढपी, खोल्या आवरणारे, स्वागतकक्ष, दुकाने. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका आणि बोलता येईल असे इंग्रजी असले, तर प्रवेश त्या मानाने सोपा होतो, आणि गोवा-सिंधुदुर्गातली पुष्कळ मुले या वाटेने जातात. जहाज बहुतेक दिवशी नव्या बंदरात लागते, त्यामुळे उतरायला मिळण्याची शक्यता अधिक. मात्र कामाला आठवड्याची सुट्टी नसते, करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, मधली रजा दीड-दोन महिन्यांची आणि वाढप्याच्या कमाईचा मोठा भाग टिपवर उभा असतो. शिवाय डेक किंवा इंजिनच्या वाटेवर परीक्षा देत कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअरपर्यंत जशी शिडी असते, तशी येथे नसते.

त्या शिडीवर पाय ठेवण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के असतील, तर भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देता येते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईला असून मुंबई आणि नवी मुंबईतही त्याची केंद्रे आहेत. डेकसाठी एक वर्षाची पदविका आणि नंतर अठरा महिने कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून समुद्रसेवा, किंवा तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी आणि नंतर बारा महिने समुद्रसेवा, असे दोन मुख्य रस्ते आहेत. इंजिनसाठी चार वर्षांची मरीन इंजिनिअरिंगची पदवी, किंवा मेकॅनिकल इंजिनिअर असल्यास एक वर्षाचा अभ्यासक्रम. दहावीनंतर खलाशी व्हायचे असेल, तर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. डेकवर जाणाऱ्याची नजर चष्म्याशिवाय चांगली असावी लागते आणि रंगांधळेपण असेल तर दार बंदच होते, कारण रात्रीच्या समुद्रात समोरचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे हे त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच ओळखायचे असते. म्हणून फी भरण्याआधी महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यावेत, हा सल्ला अनाठायी नाही.

फी लाखांच्या घरात जाते आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. अभ्यासक्रम पूर्ण केला, म्हणून जहाज मिळतेच असे नाही. कॅडेटला समुद्रसेवा मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि समुद्रसेवा देणारी जहाजे थोडी असतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच एखाद्या कंपनीचे प्रायोजकत्व, म्हणजे स्पॉन्सरशिप, आहे की नाही हे पाहणे हा या सगळ्या निर्णयाचा कणा आहे. ते नसलेली पुष्कळ मुले अभ्यासक्रम संपवून वर्ष-दोन वर्षे मुंबईतल्या कंपन्यांच्या दारांत फेऱ्या मारतात आणि याच रांगेत दलाल उभे असतात. ‘इतके लाख द्या, महिन्याभरात जॉइनिंग’ असे सांगणारा माणूस बेकायदा काम करतो आहे, हे निःसंशय समजावे, कारण नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास कायद्याने बंदी आहे. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च उमेदवाराचा असतो. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दलालांमार्फत गेलेली मुले बऱ्याचदा एखाद्या जुनाट, विमा नसलेल्या जहाजावर पोहोचतात आणि पगाराऐवजी आश्वासने घेऊन बसतात.

मालकाने जहाज असे वाऱ्यावर सोडले, तर त्यालाही नियमांत नाव आहे. दोन महिने पगार थकला किंवा अन्न, पाणी आणि परतीची सोय झाली नाही, तर खलाशाला सोडून दिलेला मानले जाते, आणि सागरी कामगार करारातल्या २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मालकाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च मिळू शकतो. या विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर दिसेल अशा जागी लावलेले असावे लागते. पहिल्या दिवशी ते पाहून त्याचा फोटो घरी पाठवणारा मुलगा शहाणा म्हणावा. इतर धोक्यांवर मात्र करारात पुरता उतारा नाही. कोविडच्या काळात बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले आणि फेरी दहा-बारा दिवसांनी लांबली.

स्त्रियांसाठी ही वाट अद्याप अरुंद आहे, पण बंद नाही. कॅप्टन राधिका मेनन यांनी जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवले आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना २०१६ मध्ये मिळाला. त्या तेव्हा ‘संपूर्ण स्वराज्य’ या भारतीय तेलवाहू जहाजाच्या कॅप्टन होत्या.

करार हाती आला की त्यात काय वाचायचे, हे आता सांगता येईल. जहाजाचे नाव आणि झेंडा, हुद्दा, मासिक रक्कम आणि तिच्यातले मूळ वेतन किती, रजावेतन आत आहे की वेगळे, मुदत किती महिन्यांची, आणि शेवटी ती मुदत किती लांबवता येते. अनेक करारांत ‘अधिक-उणे एक महिना’ असे कलम असते. त्याचे कारण असे, की उतरणाऱ्याच्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, सोयीच्या बंदरात पोहोचल्याशिवाय कोणी उतरू शकत नाही, आणि जहाजाचे पुढचे बंदर मालाच्या सौद्याप्रमाणे ऐनवेळी बदलते. गणपतीला घरी येतो म्हणून सांगितलेला माणूस त्यामुळे कधी गौरी-विसर्जन झाल्यावर पोहोचतो, तर कधी दिवाळीच गाठतो. कोकणातल्या अशा घरांत लग्नाची तारीख काढताना भटजींच्या पंचांगाबरोबर कंपनीच्या क्रूइंग, म्हणजे जहाजांवर माणसे नेमणाऱ्या, खात्यालाही फोन केला जातो.